चांद्याचा राजवाडा

ईस्टरच्या सुट्टीतली सकाळ होती आणि मी चांद्याच्या जटपुरा दरवाजाखाली उभी होते... मनातून घाबरलेली. छप्पन-सत्तावन साल असेल. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत.

मी अकरा वर्षांची, नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून घरी आले होते. सोबत वर्गातली सुलभा, बॅरिस्टरांची मुलगी. तिने वडिलांबरोबर दिल्ली पाहिली होती, कुतुबमिनार, लाल किल्ला, सगळं पायी फिरून... आणि ते ती आम्हाला विसरू देत नसे.

भीतीचं कारण मीच होते. बोर्डिंगमध्ये मुली मला चिडवायच्या, "वाघ तुमच्याकडे चहाला येतो का गं?" एकदा मी चिडून म्हटलं, आमचं चांदा गोंड राजांची राजधानी आहे, आमच्याकडे राजवाडा आहे! इथवर सगळं खरं होतं. पण मग मी त्यात झुंबरं टांगली, गालिचे अंथरले...

सुलभा म्हणाली, "मी येते बघायला. खोटं निघालं तर सगळ्यांना सांगणार." आणि ती खरंच आली.

आम्हा दोघींना एकटं कोण सोडणार? आईने दुर्पताबाईंना बरोबर दिलं. त्या आमच्याकडे धान कांडायला येत. गोंड समाजाच्या, उंच, ताठ मानेच्या, आणि बोलणं सगळं आमच्या भागातल्या झाडी बोलीतलं. त्या अनवाणी पुढे, आम्ही शाळेचे काळे बूट घालून मागे.

जटपुरा दरवाजावरचे दगडातले सिंह नि हत्ती सुलभाने मान मागे टाकून पाहिले. मग आम्ही गावाभोवतीच्या परकोटावर चढलो. तिथून एका बाजूला कौलांचं गाव आणि दुसऱ्या बाजूला रान... पानं गळून गेलेलं, आणि त्यात पळस असा फुललेला की डोळे मिटले तरी लाल दिसत राहायचं. भिंत वळणं घेत पार नजरेआड जात होती. सुलभा टाचा उंचावून तिचा शेवट शोधत होती. मला वाटलं, जमलं!

तेवढ्यात ती म्हणाली, "आता राजवाडा."

राजवाड्याचा तुरुंग होऊन किती तरी वर्षं झाली होती. ते मी बोर्डिंगमध्ये सांगितलंच नव्हतं. आम्ही दारासमोर जाऊन उभ्या राहिलो. बंदूकवाला शिपाई, आणि दारातली छोटी दिंडी उघडली तेव्हा आत झाडांना पाणी घालणारे कैदी...

"हा तर जेल आहे!"

"आधी राजवाडा होता."

"आणि झुंबरं?"

झुंबरं माझ्या मनातली होती. "खोटारडी," ती म्हणाली. "सोमवारी सांगतेच बघ सगळ्यांना."

दुर्पताबाई मागे वळल्या. "काऊन भांडून राह्यल्या वो पोरींनो? राजा का आता येथी राह्यते? चाला, राजा तिकडं हाय."

त्या आम्हाला अंचलेश्वराच्या देवळाकडे, गोंड राजाच्या समाधीपाशी घेऊन गेल्या. राजा गेल्यावर राणीने बांधलेली ती वास्तू. वर घुमट, खाली उंच कमानी, आणि लाकडावर करावं तसं दगडावर केलेलं नाजूक काम. पाटी नाही, पहारेकरी नाही. आत पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन एकदम दूर गेल्यासारखं वाटायचं. कुठेतरी वर पोपट बोलत होते.

"जोडे काहाडा," दुर्पताबाई म्हणाल्या. आम्ही बूट-मोजे काढले. दगड गार होता.

त्यांनी हात जोडले. "जोहार राजा." मग शेजारणीशी बोलावं तशा त्या बोलायला लागल्या. "औंदा मोहफूल लय पडलं. धानही बरं झालं. लहान्याचं लगन जमवलं, पोरगी कामाची हाय." मग त्यांनी सुलभाकडे हात केला. "अन् हे तुयी पाहुणी. नागपुराहून आली, तुयं गाव पाहून राह्यली. वाटेनं भांडली थोडी... रागावू नको, लेकरू हाय."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आता सुलभा हसणार. बोर्डिंगभर ही गोष्ट होणार...

सुलभा हसली नाही. तिने फ्रॉक सारखा केला, एक पाय मागे घेतला आणि गुडघ्यात वाकून लवली. बिशप यायचे तेव्हा सिस्टर आम्हाला शिकवायच्या ना, अगदी तशी. अनवाणी!

"काय म्हणायचं?" तिने कुजबुजत विचारलं.

"जोहार म्हन."

"जोहार," ती म्हणाली, आणि तिचा आवाज त्या घुमटात फिरून परत आला. माझ्या अंगावर काटा आला. मी तिथे कितीदा तरी लपाछपी खेळले होते, बूट घालून. तिथे कुणी आहे हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

परत येताना सुलभाने बूट हातातच धरले होते. ती काय करणार ते मला विचारवेना.

सोमवारी नाश्त्याला मुलींनी तिला घेरलंच. "काय गं, पाहिलास राजवाडा?" मी लापशीच्या वाटीत डोळे घातले.

"राजवाड्यात आता राजा राहत नाही," सुलभा शांतपणे म्हणाली. "पण राजा भेटला. हिच्या ओळखीचा आहे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पण ओळख दुर्पताबाईंची होती, माझी कुठे होती?

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेल्यावर मी एकटीच समाधीवर गेले. बूट काढले, पायरीवर उभी राहिले आणि जोहार म्हटलं. पुढे काय बोलावं सुचेना... मग गणितात नापास झाल्याचं सांगून टाकलं. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.