मामंजींचा नाकतोडा

माझे सासरे फौजेतून हवालदार होऊन रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा एका साहेबांनी निरोपाला दिलेला कॅमेराही त्यांच्याबरोबर आला. काही वर्षं त्यांनी गावातल्या लग्ना-बारशांचे फोटो काढले. मी सून म्हणून आले त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांना लकवा झाला आणि उजवं अंग गेलं. बहात्तरचा दुष्काळ सरून पाऊस पुन्हा नीट पडायला लागला होता. नवरा पलटणीत, सासूबाई आधीच गेलेल्या. घरात आम्ही दोघंच.

मामंजी दिवसभर सोप्यात खाटेवर बसून वळचणीचं गळतं पाणी बघत. एका श्रावणात त्यांनी मला सायकलची जुनी ट्यूब शोधायला सांगितली. कॅमेऱ्याची लेन्स काढायची, उलटी धरायची आणि रबराने आवळून बांधायची. मग मुंगीसुद्धा बोटाएवढी दिसते, असं त्यांना पलटणीत कुणीतरी शिकवलं होतं. मी बांधून दिली, आणि ते काम माझ्या मागे लागलं.

पहाटे धारा, मग भाकरी, मग पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन भुईमुगातलं तण काढायची भांगलण. संध्याकाळी चिखलाने जड झालेले पाय धुतले की मामंजींची हाक. परसातून अळूचं पान आणायचं, वरचा थेंब सांडू द्यायचा नाही. पानावर गोगलगाय किंवा कोळी असला तर फारच बरं. पान तांब्यात उभं करायचं, कॅमेरा तिवईवर ठेवायचा. उलटी लेन्स फिरवून उपयोग नसतो, अख्खा कॅमेराच केसभर पुढेमागे करावा लागतो. मामंजी डोळा लावून सांगत, जरा पुढं, जरा मागं, आणि मी गुडघ्यांवर बसून तिवई सरकवी. ढगाळ उजेडात बटण दाबल्यावर क्षणभर काहीच हलून चालत नसे. नेमका तेव्हाच वारा यायचा.

रोल धुवायला साताऱ्याला जाई. आलेले फोटो सगळे धुरकट. मामंजी ते हातात घेऊन बराच वेळ बसत आणि उशाखाली ठेवून देत.

एकदा म्हशीने लाथ मारून दूध सांडलं होतं, ओल्या फाट्यांनी चूल पेटत नव्हती, आणि हाक आली. मी म्हटलं, "मामंजी, आज माज्यानं न्हाई व्हायचं." त्यांनी नुसती मान हलवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी वैरणीचा भारा घेऊन आले, तर ते जमिनीवर पडलेले. डाव्या हाताने स्वतःच तिवई ओढायला गेले होते. कॅमेरा तेवढा छातीशी धरलेला होता. मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. खाटेवर चढवण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती, म्हणून मीही शेजारीच बसले. कुठे लागलं का विचारलं, तर नाही म्हणाले. मग खाली बघत म्हणाले,

"मला दिसत न्हाई गं पोरी. लय दिस झालं. समदं धुरात असल्यावानी दिसतंय."

"मग म्होरं-मागं कशावरनं सांगत हुता तुमी?"

"अंदाजानं."

इतक्या संध्याकाळी मी गुडघे टेकले होते ते अंदाजावर. भांडावं असं मनात आलं, पण भांडायलाही अंगात बळ लागतं.

वैरणीतून आलेला एक हिरवा नाकतोडा उंबऱ्यावर बसला होता. भिजून इतका गारठलेला की उडी मारत नव्हता. मामंजींना तो दिसणं शक्य नव्हतं, मीच सांगितलं. ते म्हणाले, मग तू बघ. मी घोंगड्याची घडी घालून तिच्यावर कॅमेरा ठेवला, पालथी झाले आणि पहिल्यांदाच आत डोळा लावला. आधी नुसता हिरवा धूर. घडी पुढे ढकलत गेले, आणि एकदम त्याचं तोंड समोर आलं. घोड्यासारखं लांब, कपाळावर मोहरीएवढाले थेंब. पुढच्या पायाने मिशी खाली ओढून तो ती तोंडाने साफ करत होता. मी बघेन तसं सांगत गेले.

"त्याचं आवरू दे," मामंजी म्हणाले. "थांबला की दम धर आन् दाब."

तो थांबला. मी दाबलं.

फोटो आला तेव्हा अंग धुरकट होतं, पण तोंड आणि थेंब लख्ख. मामंजींनी तो नाकाजवळ नेऊन पाहिला आणि मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. दिवाळीला नवरा सुट्टीवर आला, तेव्हा मामंजींच्या डोळ्यांचं मी त्याच्या कानावर घातलं. त्याने त्यांना मिरजेला नेऊन एका डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. पट्टी सुटल्यावर मामंजींनी फोटो मागून घेतला, बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "एक मिशी फोटोबाहेर राहिली."

पुढच्या पावसाळ्यात ते स्वतः बघून सांगू लागले आणि मी पुन्हा तिवई सरकवू लागले. काम तेवढंच, दमणूकही तेवढीच. मात्र अधूनमधून ते मागे सरून म्हणत, आता तू बघ. मी लवकर डोळा काढत नसे. तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नसे.