पहिल्या हाकेला ओ

फलक वाचणाऱ्या मंडळींनो, आजची आरे कॉलनीतली बैठक चुकवलीत. घाईत लिहितोय, अक्षराला हसू नका.

खरं तर मी दिंडोशीला निघालो होतो. वाटेत थंड दूध प्यायला उतरलो आणि आपल्या वाचनाच्या बैठकीत जाऊन बसलो. पाळी नायरअण्णांची होती. नियम ठाऊक आहेच, गोष्ट आधी आपल्या भाषेत वाचायची, मग हिंदीत अर्थ सांगायचा.

दिवेलागण झालेली. मल्याळम कुणालाच कळत नव्हतं. मध्येच अण्णांनी आवाज बारीक करून गोष्टीतल्या कुणालातरी हाक मारली, तशा कोकणातल्या तारामावशी ओरडल्या, "ओ देऊ नको गो बाये!"

अण्णा चाट पडले. "मौसी, तुमको कैसे समझा?"

"आमच्या गावाक पण असाच. तिन्हीसांजेक पयल्या हाकेक ओ देवची नाय. भूत एकदाच हाक मारता, माणूस परत मारता."

"हमारे गाव में भी!"

तेवढ्यात बाहेर झाडीतून हाक आली, "आये!"

मावशींचा मुलगा भांडून घर सोडून गेलाय, वर्ष झालं. आवाज त्याचाच होता. मावशी अर्धवट उठल्या. अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. मावशींनी पदर तोंडात कोंबला. आम्ही सगळे दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलो.

ती आलीच नाही. मी दार उघडलं, तर रस्ता रिकामा.

निघताना मावशी उंबऱ्यातच बसल्या होत्या, अण्णा शेजारी. मुलाबद्दल मला म्हणाल्या, "झील माझो हट्टी रे. तो दुसऱ्यांदा हाक मारतलो काय?"

मावशींना काय सांगायचं, तुम्हाला सुचलं तर खाली लिहा.