कोपरा तुटलेलं कवच

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. शाळेत असल्यापासून बाबांबरोबर मंडईबाहेर उभं राहून बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटली आहेत. रस्त्यावरचं लिंबू मुद्दाम ओलांडणारी मी. त्या पत्रकांनी एकच शिकवलं होतं - दिसलं ते सांगायचं, कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. म्हणून हे लिहितेय.

मी कोथरूडला राहते. पीएचडीचं काम पुण्यातल्याच एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात. विषय - समुद्रातले डायटम ओळखणं. डायटम म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, काचेसारख्या कवचातलं शैवाल. ओळख पटते ती कवचावरून - आकार, छिद्रांच्या ओळी, कडेचे काटे. त्यासाठी कोकणातून आणलेलं पाणी अ‍ॅसिडमध्ये उकळायचं. आतलं जिवंत सगळं जळतं, रिकामी कवचं उरतात. ती स्लाइडवर रेझिन नावाच्या डिंकासारख्या चिकात पक्की बसवायची. बरोबर दर वेळी एक ‘ब्लँक’ - नुसतं डिस्टिल्ड वॉटर, बाकी कृती तीच. ब्लँक रिकामीच दिसली पाहिजे. नाही दिसली, तर भांडी नीट धुतलेली नाहीत.

त्या दिवशी ब्लँकवर एक कवच होतं. त्रिकोणी, समुद्रातलंच. एक कोपरा तुटलेला आणि त्याच्याजवळ दोन बारीक चिरा.

आमच्या लॅबमध्ये भांडी धुतात साळवी मामा. रोजंदारीवर, बरीच वर्षं.

"मामा, बीकर नीट धुतला नव्हता तुम्ही."

"ताई, माझ्या घरच्या ताटात तोंड दिसतं. बीकरात तुमचं पाप दिसलं असेल."

मी चिडले. कामचुकारपणा म्हणजे कामचुकारपणा, मग तो कुणाचाही असो... तावातावानं माझ्या गाईड सरांकडे लेखी तक्रार केली. सर म्हणाले, "सोमवारपासून दुसरा माणूस बघतो."

पुरावा पक्का करावा म्हणून शुक्रवारी सकाळी नवा बीकर, नव्या काचा, नवं पाणी घेऊन मी स्वतः ब्लँक केली. मामांना हातही लावू दिला नाही.

तेच कवच. तोच तुटका कोपरा. त्याच दोन चिरा.

पहिली स्लाइड काढली. कवच कुठं आहे त्याचे आकडे वहीत होते. त्या जागी काही नव्हतं. सगळी स्लाइड ओळीनं तपासली. रेझिन घट्ट, कुठं ओरखडाही नाही... आणि स्लाइड कोरी.

तिसरी केली. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. कवच होतं, पण या वेळी रिकामं नव्हतं. आत सोनेरी-तपकिरी कण होते - जिवंत डायटममध्ये असतात तसे. तासभर अ‍ॅसिडमध्ये उकळलेल्या पाण्यात. मी बघत असताना ते कण हळूहळू कडेकडून मधे सरकले... उजेड वाढवला की ते करतात तसे.

तशीच सरांकडे गेले, त्यांना घेऊन आले. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"स्वच्छ आहे की."

"सर, आत्ता होतं."

"मग आधीच्या ब्लँकचं काय? त्यात आलं कुठून?"

"माहीत नाही. पण मामांचा दोष नाही."

"बाई, प्रबंधात ‘माहीत नाही’ असं प्रकरण नसतं. कुणाचा तरी दोष लिहा, नाहीतर तक्रार आहे तशीच राहील."

दाराशी मामा स्टँड पुसत होते. ऐकत होते, वर बघत नव्हते.

मी लिहिलं - ‘नमुना हाताळताना माझ्याकडून चूक झाली.’ सही केली. जे घडलं नाही ते घडलं म्हणून लिहिण्याची माझी ती पहिलीच वेळ.

मामा अजून आहेत. विषय काढत नाहीत. बीकर मात्र दोनदा विसळून, उजेडाला धरून दाखवतात.

लोक म्हणतात डोळ्यांचा थकवा, रेझिनमधला बुडबुडा. मीही म्हणून पाहिलं. पण बुडबुड्याचा तोच कोपरा दोनदा तुटत नाही. पहिली स्लाइड कोरी झाली तेव्हा ते दुसरीवर होतं. तिसरी मी सरांना घेऊन येईपर्यंत कोरी झाली.

त्यानंतर मी ब्लँक केलेली नाही. करायलाच हवी हे मला माहीत आहे.