रांजणाला कोण शिवलं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, देवापुढंही कधी तोंडातून काढलं नाही. आज तुला सांगते — पण मधेच अडखळले तर रागावू नकोस, बाई.

आमचं घर आळ्याला. विहिरीच्या कडेला, काळ्या मुरमात, गावठी काळ्या द्राक्षाचा एक जुना वेल होता. सासरे — त्यांना सगळे आबा म्हणायचे — दरसाल त्या द्राक्षांचं आसव घालायचे. मढ गावाकडून धायटीची फुलं आणायचे, ती टाकली की रस फसफसायला लागतो. मग रांजणाचं तोंड फडक्यानं बांधून मातीनं लिंपायचं. गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला आबांचं आसव जायचं. वेलाला औषध मारायचं नाही, एवढा एकच त्यांचा हुकूम.

त्या साली घडांवर भुरीची पांढरी बुरशी पडली. आबा परगावी गेलेले. बागाईतदार मारतात तसं मीही गंधक धुरळलं — तेही घड तोडणीला आलेले असताना. आबा शाबासकी देतील असं वाटलं होतं का मला? वाटलं असेल. ते परत आले तशी मी भ्याले, आणि गंधकाचं सांगितलंच नाही.

रांजण उघडला तर सडक्या अंड्यांचा भपकारा! मी ओळखलं — हे माझं गंधक. सासूबाई ओरडल्या, "कोण शिवलं गं रांजणाला?"

माझं नाव कुणी घेतलं होतं का? कुणीच नाही. पटकन तोंडातून निघून गेलं, असं म्हणणार होते तुला — पण खोटं आहे ते. मी विचार करून बोलले. "आसव घातलं त्या दिशी सुमी कडंला बसली व्हती. तिनं रांजणाला हात लावला, म्या पाह्यलं."

सुमन, माझी धाकटी जाऊ. डिंभ्याहून नुकती लग्न होऊन आलेली. पाळीची म्हणून कडंला बसली होती खरी, पण गोठ्याच्या बाजूनं हललीसुद्धा नव्हती.

"न्हाई ओ आई, आईच्यान् न्हाई!" किती रडली! पण थोरल्या सुनेपुढं तिचं कोण ऐकतंय?

आबांनी पुन्हा आसव घातलं नाही. सुमनला पापडाच्या पिठाला, मुरांब्याला कुणी शिवू देईना. नासव्या हाताची, म्हणायचे. मीही म्हणाले — हसून म्हणाले.

पुढं नारायणगावकडं वाइनच्या द्राक्षांचे मळे आले. एकदा जेवताना माझा मुलगा म्हणाला, तोडणीच्या तोंडावर गंधक मारलं की वाइनला घाण वास येतो. सुमन तिथंच वाढत होती. माझा घास घशातच अडकला. कळलं का हिला? आता बोलेल का? ती म्हणाली, "अक्का, ठसका लागला का?" आणि पाणी घेऊन आली.

गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडं जेवायला गेले होते. तिच्या लेकीनं लोणच्याच्या बरणीचं झाकण काढलं, तशी सुमनच तिच्यावर ओरडली, "ऱ्हाऊ दे गं! आपल्या मायलेकींचा हात नासवतो. अक्कांना काढू दे."

पोरीनं बरणी माझ्यापुढं सरकवली. मी सगळ्यांना लोणचं वाढलं.