दादांनी आवळलेला नळ

आमचे दादा, म्हणजे माझे वडील सहादू, नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाल होते. कांद्याची गोणी एका झटक्यात पाठीवर घ्यायचे आणि तोच झटका घरातल्या वस्तूंनाही लावायचे. खिळा ठोकला की भिंतीचा पोपडा पडायचा. डब्याचं झाकण दादांनी लावलं तर ते उघडायला पुन्हा दादाच लागायचे.

पंचाहत्तर साली आमच्या स्वयंपाकघरात पितळी नळ आला. आईने पहिला तांब्या भरून बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवला. दादांना तर त्या नळाचं काय कौतुक! रविवारी चिंच लावून लख्ख घासायचे, आणि पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला नळ दाखवायचे. चिंचेचा तो आंबूस वास आजही कुठे आला तरी मला ते घर आठवतं आणि गलबलून येतं.

चार-पाच वर्षांनी नळ गळायला लागला. पाणी वाया जाताना दादांना बघवेना. शेजारचे भिमाजी फिटर म्हणाले, आतला रबरी वायसर झिजलाय, बदलून टाका. पण आमच्याकडे दादा म्हणतील ती पूर्व दिशा. त्यांच्या मते आम्ही बायका नळ नीट बंद करत नव्हतो, म्हणून तो गळत होता. मग काय, येता-जाता ते नळ आवळायचे. गळती तेवढ्यापुरती थांबायची, वायसर आणखी चिरडायचा, आणि नळ असा घट्ट बसायचा की आईला तो उघडेना. मी सांडशी लावून बघितली, तर सांडशीच वाकली. आई सारखी हाक मारायची, "अहो, नळ सोडता का?" दादा ऐटीत उठायचे. आपल्यावाचून घरातलं पान हलत नाही, असं त्यांना वाटायचं.

एकदा मालधक्क्याला वॅगन लागली म्हणून दादा पहाटेच कामावर गेले. जाताना नळ आवळायला विसरले नाहीत. दुपारी मी शाळेतून आले तेव्हा तेही नुकतेच परतत होते. आई शेजारच्या झुंबरबाईंच्या दाराबाहेर रिकामी कळशी घेऊन उभी होती. त्या जेवत होत्या, म्हणून ही थांबलेली. दादा तिच्यावरच डाफरले. घरात नळ असताना लोकांच्या दारात कशाला उभी राहतेस, म्हणाले.

आईचा आवाज चढला नाही. "माहेरी आडावर अशीच उभी राहायची मी," ती म्हणाली. "कुणी वरून वाढलं तरच पाणी. आडाला हात लावू देत नव्हते. हितं नळ माझाच हाय, अन् मला उघडत नाय."

भाकरीला न शिवता दादा भिमाजींचा पाना मागून घेऊन आले. बाहेरचा कॉक बंद करून त्यांनी नळ खोलला. वायसरचा पार चोथा झाला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांनी एकावर एक बसवले. हात जड, त्यामुळे बरेच तुकडे फुकट गेले. शेवटी जमलं. पाणी सोडून ते बाजूला झाले आणि आईला म्हणाले, "आता तू बंद कर." आईने दोन बोटांनी चावी फिरवली. धार थांबली, मागून थेंबही पडला नाही. तिने पदर डोळ्यांना लावला आणि हसली.

तेव्हापासून दादा नळ नुसता उघडायचे. बंद करायला हाक मारायचे, "अगं, नळ!" आई पिठाच्या हातांनी कुरकुरत यायची, "सोन्याचा लागून गेलाय नळ!" नातेवाईक त्यांची थट्टा करायचे. मला मात्र त्या हाकेचा अभिमान वाटायचा.

सत्त्याऐंशीत आई गेली. पाहुणे पांगल्यावर दादांनी जेवून हात धुतले आणि ओले हात तसेच धरून नळाशी उभे राहिले. धार चालूच होती. मी उठून नळ बंद करायला गेले.

"हळू गं," दादा म्हणाले. "तिला उघडता आला पाहिजे."