‘पेशंट म्हणतो...’

पांढऱ्या साडीतली बाई, उलटी पावलं, पिंपळावरचा मुंजा... या ग्रुपवरचे भुताचे किस्से वाचून मला नुसतं हसू येतं. तीस वर्षं नर्सिंग केलं, कितीतरी माणसं डोळ्यांदेखत गेली, एकही परत येऊन मानगुटीवर बसला नाही. रिकामटेकड्यांचे धंदे सगळे! तरीही हे लिहितेय. हसायचं तर खुशाल हसा.

सत्त्याण्णव साल असेल. बारामतीतलं एक खाजगी हॉस्पिटल, चार खाटांचं आयसीयू, मी तिथली सिनियर सिस्टर. त्या महिन्यात तीन नव्या पोरी माझ्या गळ्यात मारल्या होत्या. काय एकेक ध्यान! मॉनिटर वाजला की पेशंट राहिला बाजूला, ह्याच दचकायच्या. एकीनं तर पेशंटची म्हणून स्वतःचीच नाडी मोजली. तिसरी सुनंदा, लासुर्ण्याची. पेशंट बोलेल ते त्याच्याच शब्दांत रिपोर्ट बुकात लिहायचं, असं तिला कॉलेजात शिकवलेलं. मग काय... ‘पेशंट म्हणतो, शेरडं कोण बघतंय’ असलंही बाई लिहून ठेवायच्या.

एक नंबरला अंथुर्ण्याचे आबा. किडन्या बसलेल्या, चार दिवस बेशुद्ध, घशात श्वासाची नळी. नळी असताना माणसाचा आवाज फुटतच नाही, हे वॉर्डबॉयलाही कळतं.

सकाळी अकराला मी दोन सलाईन तयार केल्या. दोन नंबरच्या बाईंच्या बाटलीत बुचातून सुईनं पोटॅशियम टाकलं, आबांची साधी. चिकटपट्टीवर नावं लिहायची राहिली. एक बाटली सुनंदाच्या हातात दिली, म्हटलं, "आबांना लाव." थोड्या वेळानं बघते तर बाटली तशीच, आणि बुकात लिहिलेलं — ‘पेशंट म्हणतो, पोरी, ही बाटली माझी न्हाय.’

मी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "अगं ए शहाणे, नळीतून बोलले का आबा?"

"व्हय सिस्टर." रडकुंडीला आली होती. "दोनदा म्हणले."

"मग आबांच्या अंगात आलं असेल!" बाकीच्या दोघी फिदीफिदी हसल्या.

तणतणत मीच बाटली उचलली. सलाईनची नळी जोडायला गेले, तर रबरी बुचावर आधीच सुईचं भोक. साध्या बाटलीला भोक कशाला असेल? दोन नंबरची पाहिली... तिचं बूच कोरं. म्हणजे पोटॅशियमची बाटली मीच आबांना दिली होती. बसलेल्या किडनीच्या माणसाचं हृदय बंद पडतं त्यानं.

म्हणाल, पोरीनं भोक पाहिलं असेल. पण पोटॅशियम कुणाच्या बाटलीत आणि साधी बाटली कुणाची, हे तिला कुणी सांगितलं होतं?

मी गुपचूप बाटल्या बदलल्या. मग मेट्रनकडे जाऊन सांगितलं — पोरगी भ्रमिष्ट आहे, आयसीयूत नको. संध्याकाळच्या आत तिची जनरल वॉर्डात रवानगी झाली. जाताना ती माझ्या पाया पडली, आणि मी पडूही दिलं.

आठवड्यानं आबांची नळी काढली. पहिलाच शब्द, घोगरा — "ती लासुर्ण्याची पोरगी कुठं हाय? दोनदा सांगितलं तवा कुठं ऐकलं तिनं."

"काय सांगितलं, आबा?"

"तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

बेशुद्ध माणूस नळीतून कसा बोलला, हे मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर सांगा. सुनंदाला का घालवलं, ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते मी आज पहिल्यांदा सांगतेय.