एकही दिवस न बुडालेला अपघात

“मॅडम, मागच्या साली तुमीच आल्त्या न्हाई का? मग सुमनचं काय केलं?”

सेनगाव तालुक्यातल्या एका सोयाबीन प्लांटच्या कँटीनमध्ये मी कामगार बायकांशी बोलत होते. एचआरवाल्यांना मुद्दाम बाहेर बसवलं होतं. विचारणारी बाई माझ्याकडे रोखून बघत होती. सुमन कोण, ते मला आठवेना.

माझं काम थोडक्यात सांगते. मोठ्या कंपन्यांना दरवर्षी एक रिपोर्ट द्यावा लागतो. पाणी किती वापरलं, धूर किती सोडला, किती कामगार जखमी झाले. त्यातले आकडे खरे आहेत का, हे बाहेरच्या माणसाने तपासून सही करायची. याला अ‍ॅशुरन्स म्हणतात आणि ती सही माझी असायची. अपघातांच्या रकान्याचं नाव ‘लॉस्ट टाइम इंज्युरी’. कामावर इजा होऊन माणसाचा एक दिवस जरी बुडाला, तरी तो अपघात मोजायचा. या प्लांटने मागच्या वर्षी तिथे शून्य लिहिलं होतं आणि मी ते मान्य केलं होतं.

मी मागच्या वर्षीचं मस्टर, म्हणजे हजेरीपुस्तक, मागवलं. सुमनबाई, ठेकेदाराकडची कामगार, महिनाभर हजर. पण नऊ तारखेपर्यंत नावापुढे सही होती आणि दहा तारखेपासून अंगठा. पानाच्या कोपऱ्यात माझ्याच हिरव्या पेनाची टिक. म्हणजे हे पान मी बघितलं होतं! सही करणारी बाई महिन्याच्या मध्येच अंगठा का द्यायला लागली, एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता. 

कंपनीची गाडी नको म्हणाले आणि जीपने सुमनबाईंच्या गावी, पुसेगावला गेले. सुमनबाई दारात बसून डाव्या हाताने तूर निवडत होत्या. उजव्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी होती. बेल्टमध्ये अडकलेलं पोतं ओढताना मधली बोटं गेली, असं त्यांनी सांगितलं.

“ठेकेदारानं लई केलं माझं,” त्या म्हणाल्या. “रोज मस्टर घेऊन घरी यायचा. म्हने, बाई, तुझा खाडा न्हाई पडू देत. मी डावा अंगठा द्यायची. चार महिने पगार बराबर आला. मंग बंद झाला.”

त्या प्लांटवर याला ‘घरची हजेरी’ म्हणत. सगळ्यांच्या लेखी तो उपकार होता, सुमनबाईंच्याही.

पगार थांबल्यावर त्यांनी नुकसानभरपाईचा अर्ज केला होता. कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलेलं होतं. ते त्यांनी पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं.

“इंग्रजीत हाय. काय लिवलंय?”

अपघात झालाच नाही, बाई रोज हजर होत्या, आणि हे स्वतंत्र संस्थेने तपासून प्रमाणित केलं आहे. मी वाचून दाखवलं. सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स होती.

“ही सही कोनाची?”

“माझी.”

त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. “तुमी आल्त्या तवा मी हितंच बसून व्हते. काहून न्हाई आल्या?”

 

दुसऱ्या दिवशी प्लांट मॅनेजरना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तिला घरी बसून पगार दिला. एक दिवस बुडू दिला नाही. मग लॉस्ट टाइम झाला कुठे?”

हा माणूस चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

“कायमच्या अपंगत्वाचा वेगळा रकाना आहे. तिथेही शून्यच लिहिलंय तुम्ही.”

“तो ठेकेदाराचा विषय आहे.”

“ठेकेदाराची माणसंही मोजायची असतात.”

“मागच्या वर्षी हे तुम्ही का नाही सांगितलं?”

पुण्याला माझ्या फर्मच्या बॉसना फोन लावला. ते म्हणाले, “मागचा रिपोर्ट क्लोज झालाय. आता मागे घेतला तर आपण झोपलो होतो असं होईल.”

“झोपलेच होते, सर.”

“तू. फर्म नाही.”

मी या वर्षीच्या रिपोर्टवर सही करायला नकार दिला. मागच्या वर्षी मी ते पान नीट तपासलं नव्हतं, असं सुमनबाईंना साध्या कागदावर लिहून दिलं. फर्मने मला नोटीस काढली, तेव्हा मीच राजीनामा दिला. कंपनीने दुसरी फर्म आणली आणि त्या फर्मने यंदाच्या शून्यावर सही केली.

सुमनबाईंच्या अर्जाच्या सुनावणीला मी गेले. निकाल देणाऱ्या साहेबांपुढे माझ्या सहीचे दोन कागद होते. एक शिक्क्याचं प्रमाणपत्र, दुसरं हाताने लिहिलेलं पत्र. कंपनीचे वकील म्हणाले, हे पत्र नोकरी गेलेल्या बाईंनी रागाने लिहिलंय. अर्ज फेटाळला गेला. वर अपील करता येतं, पण सुमनबाई नको म्हणाल्या. पुसेगावच्या जीपमध्ये बसताना त्यांनी माझं पत्र मला परत दिलं.

आता मी दुसरीकडे हेच काम करते आणि नवीन मुलांना एक गोष्ट सांगते. रिपोर्टमधलं शून्य तपासायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. बाकी आकड्यांना कागद असतात, शून्यासाठी माणसं शोधत हिंडावं लागतं. त्या शून्याला मी वीस मिनिटं दिली होती.